जुन्या नमुन्यांच्या बाटल्या

३ मार्च
दादाला अ‍ॅडमिट केलं. हिरड्यांतून रक्त थांबेना! पंधरा दिवस नुसते ब्रश बदलत बसला, शहाणा. वहिनीने मला कोपऱ्यात ओढलं – "वन्सं, तुम्ही लॅबमधल्या. सांगा ना काय झालंय." मी रक्त नाही हो तपासत, कारखान्यात तेल तपासते!

४ मार्च
पेशी कमी. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट – सगळ्याच. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते व्हायचंच थांबलंय म्हणे.

६ मार्च
दिवसभर बाकावर. करण्यासारखं काही नाही, बघत बसायचं. प्लेटलेटची पिशवी, नळी, सुईची टोपी, नर्सचे हातमोजे – सगळं मूळचं आमच्या कारखान्यातलं.

दादाला एकदा समजावलं होतं. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल निघतं, तसा नाफ्था निघतो. तो भट्टीत तापवून फोडला की वायू मिळतात. वायूंपासून प्लास्टिकचे दाणे करतात, दाण्यांच्या पिशव्या, बादल्या, पडदे, दोरे. पातळ उरतं त्यातून बेंझीन – त्याचं पुढे नायलॉन, रंग, औषधंसुद्धा. "म्हणजे चिमे, तुमच्याशिवाय माणसाला दात घासता येत नाहीत नि अंग झाकता येत नाही!" केवढा हसला होता. त्याच्या छापखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला – आमची चिमी जग चालवते.

आज चमचाभर पेजही गेली नाही त्याला.

८ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, "छापखान्यात शाई कशाने धुता?" वहिनी म्हणाली, "रॉकेलने." दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो, रॉकेलच."

खोटं. धडधडीत खोटं!

लिहूनच टाकते. लॅबमध्ये प्रत्येक मालाची एक बाटली महिनाभर जपून ठेवतो. तक्रार आली तर पुन्हा तपासायला. महिना झाला की टाकाऊ पिंपात ओतायची. ओततंय कोण! फुकट ते पौष्टिक. कुणी सायकलची साखळी धुतं, कुणी कपड्यांचे डाग काढतं. मी बेंझीन दादाला नेऊन दिलं. अकरा वर्षं. रोलरवरची शाई एका फडक्यात साफ, वाळतंही लगेच. उघड्या हातांनी पुसायचा, तेही दारं-खिडक्या लावून – ओल्या छपाईवर धूळ नको म्हणून. बाटलीवर कवटीचं चित्र असायचं. ते मी नखाने खरवडून काढायचे. वहिनी घाबरेल म्हणून!

बेंझीनने हाडांत रक्त व्हायचं थांबतं, हे मला माहीत होतं की नव्हतं? होतं. रोज वापरतो त्याची भीती मरते, एवढंच.

९ मार्च
डॉक्टरांना सांगून आले. त्यांनी फक्त लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सख्खी भावंडं किती?" मी एकटीच. दादाला द्यायला माझ्या हाडातला गर जुळतो का बघायला नमुना घेतला.

१२ मार्च
वहिनीला सांगायला तोंड उघडलं. दादा मध्येच – "चिमे, पाणी दे." ती औषधं आणायला गेल्यावर म्हणाला, "तू दिलंस, मी घेतलं. झालं. जिच्यावर रागवावं लागणार नाही, असं एवढं एक माणूस तिला राहू दे." पाणी दिलं.

१३ मार्च
दादाला ताप. जंतू आत जायला नकोत म्हणून दाराबाहेरूनच बघायचं.

१७ मार्च
जुळलं! माझ्या हाडातला गर दादाला तंतोतंत जुळतो! वहिनी गळ्यात पडून रडली – "वन्सं, तुम्ही आहात म्हणून!" धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण देणार आहे मी. हवा तेवढा घ्या म्हणावं. पहिल्यांदा काहीतरी हातात आलंय.

१९ मार्च
गर घेण्याआधी माझं रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि खुर्ची पुढे केली. माझ्याही पेशी कमी आहेत. घेता येणार नाही. वहिनी बाहेर माझ्यासाठी फळं कापून बसली आहे.