शिवणीचं गलबत

४ एप्रिल ७४, गुरवार
तात्या म्हन्ले, बोटीवर रोज लॉग लिवत्यात. वारा किती, पानी किती, काय मोडलं. "तू बी लिव शकू. मला आता दिसंना झालंय. मागनं वाचून दाव." म्हून ही वही. सातवीची हाय, मागली पानं कोरी होती. सातवीतच शाळा सुटली. मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं की तोंडातनं शब्दच फुटायचा न्हाई. पोरं हसायची. मग एक दिस मी गेलेच न्हाई.
लिवताना कोन हसत न्हाई.
तात्या माजे थोरले चुलते. नेवीत वीस वर्सं होते. गावातली बाकी सगळी मिलट्रीत, म्हून पारावर त्यांला "पान्यातला शिपाई" म्हनत्यात. त्यांनी एक गलबत केलंय, दीड हात लांब, शिवणीच्या लाकडाचं. डोळ्यात मोतीबिंदू, तरी बोटांनी चाचपून चाचपून कोरलं. मी इचारलं, नेवीची बोट का न्हाई केली? "ती लोखंडाची. तिला कोरायचं काय? हे कोकनात किनाऱ्यावर बांदताना बगितल्यालं."
काकू चुलीपासनं नवऱ्याला ऐकू जाईल आसं म्हन्ली, "वीस वर्सं बोटीनं नेलं. आता घरात आनून बसवली सवत."

५ एप्रिल
वर काळा रंग, खाली लाल. पन काळं कुटं संपतं, लाल कुटं सुरू व्हतं?
तात्या: "पानी कुटवर येतं ते गलबतालाच इचारायचं."
म्हशीच्या कुंडात सोडलं. एका अंगाला कलंडलं. मग पोटात वाळूची पुरचुंडी ठेवली, तवा सरळ झालं. म्हस मान वाकडी करून बगत होती. तात्यांनी कुंडाचा काठ धरला, मी पान्याच्या बरुबर पेन्सिलनं रेघ वडली. रेघ सरळ न्हाई आली. पानी सरळ होतं, मीच हालले.
खाली लालच का? समिंदरात लाकूड खानारं किडं असत्यात, त्यांच्यासाटनं त्या रंगात इख घालत्यात. म्हंजी पान्यात बी वाळवी असती! मग ती पिती काय आन खाती काय, इचारलं तर तात्या लय हसले.
वाळल्यावर हात फिरवला. लाकूड खरखरीत. "पानी लागलं की लाकडाच्या अंगावर काटा येतो. मग काचकागद मारायचा." काटा! मला माणसं आली की येतो तसा.

७ एप्रिल
काळा रंग घरीच करायचा. हिरडं काकूच्या म्हायेरचं, मेढ्याकडचं. कुटून उकळलं, गाळलं = हि.पा. गंजकं खिळं आठ दिस गुळाच्या पान्यात = गं.पा. (वास लय घान.)
ढलप्यांवर करून बगितलं.
नुस्तं हि.पा.: पिवळट.
नुस्तं गं.पा.: मळकट.
हि.पा. वाळल्यावर गं.पा.: डोळ्यादेखत काळं!! आत काळं लपून बसल्यागत.
दोन्ही पानी काळं न्हाई, मग काळं आलं कुटनं? तात्यांला इचारलं. "मला बी म्हाईत न्हाई." तात्यांला म्हाईत नसल्याली ही पैलीच गोष्ट. आणखी नऊ ढलप्या केल्या. गं.पा. पातळ केलं तर धुरासारका करडा रंग येतो. सातव्या नंबरची ढलपी चांगली, तव्याच्या बुडासारकी. तात्यांनी डोळ्याला लावून बगितली, मग उन्हाकडं धरली, मग नुस्ती हुंगली. "हीच."
म्हन्ले, रंग लाकडावर चढवायचा न्हाई. लाकडात मुरवायचा.

८ एप्रिल
अण्णांसंगं, म्हंजी माज्या बापासंगं, वाईच्या बाजाराला. लाल रंग आनायचा होता. अण्णा सुताराकडं थांबले, मला एकटीला दुकानात धाडलं. गर्दी होती. सगळी जाईस्तवर खांबाला टेकून हुबी.
दुकानदार: "काय गं पोरी, काय पायजे?"
मी रंगाच्या डब्यांकडं बोट केलं.
"रंग? कशाला? ट्रॅक्टरला, का बैलाच्या शिंगाला?"
मी मान हालवली. कशाला हालवली मलाच कळलं न्हाई.
घरी येऊन डबा उगाडला तर शिंगाचा लालभडक. तात्या म्हन्ले, "आसू दे. आपलं गलबत कुनाला शिंग मारंल." पन त्यांला इटंसारका लाल पायजे होता. काव, ती तांबडी माती, कालवून बगीन.

९ एप्रिल
तात्या मिरजेला गेले, डोळ्याच्या ऑपरेशनला. अण्णा संगं. काकूनं बी लुगडं काडून ठेवलं होतं. अण्णा म्हन्ले, "वैनी, तितं बायामानसाची कुटं सोय हुडकायची? आन म्हस आज उद्या व्यायला झालीया." काकूनं लुगडं घडी करून परत ठेवलं. भाकरी बांदून दिली. 
जाताना तात्यांनी माज्या डोक्यावर हात ठेवला. "पट्टी सुटंल, चष्मा यील, तवा मला पैलं हेच बगायचं हाय. रंग तू द्यायचा. एकटीनं."
"चुकले तर?"
"चुकलीस तर लॉगमदी लिव. पन खोडायचं न्हाई. बोटीवरच्या लॉगात कोन खोडत न्हाई."
आजपतुर मला कुनी आसं एकटीला काय दिल्यालं न्हाई.

११ एप्रिल, गुरवार
आज ऑपरेशन. मी सकाळीच हि.पा. घिऊन सोप्यात गेले, तर
गलबताच्या नाळंवर, म्होरच्या टोकाला, हळदीची पाच बोटं. तेलात कालवल्याली. वर कुकवाचा टिपका. तेल आत जिरून गेल्यालं.
 काकू भांडी घासत होती, पाठ करून.
"काकू, ह्ये कुनी केलं?"
तिनं राखंनं तवा घासला. मग: "आज त्यांच्या डोळ्याला सुरी लागंल. समद्या देवांला सांगितलं. मग म्हन्लं हिला बी सांगावं. येवढी वर्सं समिंदरात त्यांला संबाळलं कुनी? हिनंच की. नव्या नांगराला लावतो तसं लावलं."
 तेलावर पानी चढत न्हाई, हे मला म्हाईत. तिला कसं सांगू.
पन तिच्या ध्यानात आलं. हात थांबला. "इस्कोट झाला व्हय गं?"
मग हळूच: "त्यांला सांगू नगंस."

१२ एप्रिल
साबन लावला. नाळंवरची बोटं लालभडक झाली! हळदीला साबन लागला की लाल, हे कपडे धुताना रोज बगते. तरी चुकले. लिवून ठेवते.
लिंबू पिळलं, परत पिवळं. चुन्याची निवळी, परत लाल. ढलपीवर हळद लावून दुपारपतुर लाल पिवळं लाल पिवळं करत बसले. कशानं फिरतं? आंबटानं इकडं, खाऱ्यानं तिकडं. हि.पा. घातलं तर इकडंच. बोटं काडायची इसरूनच गेले.
काकू दारात. "खेळतीस व्हय गं? हितं माजा जीव टांगनीला."
मग तिनंच सांगितलं: धडुत्यावरची हळद उन्हात जाती.

१३ एप्रिल
उन्हात ठेवलं. पन शिवण तडकंल, म्हून बाकी अंगावर वलं पोतं, नाळ तेवडी उगडी. दर घटकंला पोतं भिजवायचं. एकदा मी, एकदा काकू. तिला सवत म्हनती आन तिलाच पानी मारती.

१५ एप्रिल
अण्णांचं कार्ड आलं. ऑपरेशन बरं झालं. डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या लावून उतानं निजवलंय, हालायचं न्हाई. काकूनं मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा माजा आवाज बराच मोटा निगाला. वाळूच्या पिशव्या म्हन्ल्यावर मला कुंडातली पुरचुंडी आठवली. तात्यांला बी सरळ तरंगवलंय.
हळद गेली. नाळंवर काय बी दिसत न्हाई. म्हसीला रेडी झाली.

१६ एप्रिल
हि.पा. दोन हात. वाळवलं. मग गं.पा. काळं आलं, सातव्या ढलपीगत, शेपटाकडनं म्होरं येत येत. लय बरं वाटलं. नाळंपाशी आलं आन
पाच बोटं पांढुरकी ऱ्हायली. पिवळं गेल्यालं, तेल न्हाई गेल्यालं. रातीसारक्या काळ्यात हात ठेवल्यागत.
काकू बगून गेली. जेवली न्हाई.

१७ एप्रिल
काच फोडून तुकडा घेतला, खरवडायला. आदी ढलपीवर तेल मुरवून बगितलं. तेल किती खोल जातं? गव्हाच्या दान्याइतकं. तेवडं खरवडलं तर नाळ बारीक व्हनार. तात्यांनी ती नाळ म्हैनाभर बोटांनी जोकून जोकून केली हाय.
काकू: "खरवड की गं. माजं काय, तेलच ते."
काच टेकवली. एकच फराटा वडला, लांबडं केस भुरभुरलं लाकडाचं. तिच्याकडं बगितलं. ती माज्याकडं बगत नव्हती, नाळंकडं बगत होती.
काच ठेवून दिली.
खालचा लाल दिला. शिंगाच्या रंगात काव, तीन चमचं. इटंसारका झाला. रेघंवर हात हालला न्हाई.
काचकागद मारला न्हाई. मारला तर पाच बोटांच्या कडा बी पुसट व्हतील. व्हाव्या का न्हाई, ठरंना.

२३ एप्रिल
तात्या आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं नुस्ता उजेड दिसतो. चष्मा म्हैना-दीड म्हैन्यानं.
पानी बी न घेता म्हन्ले, "आन."
मांडीवर घेतलं. शेपटाकडनं हात फिरवत म्होरं. "काटा आलाय. पानी बरुबर मुरलंय. शाबास." रेघ चाचपली. "सरळ हाय गं." मग नाळ.
हात थांबला. मागं गेला, परत आला.
"हितं काटा न्हाई."
मला ह्ये सुचलंच नव्हतं. मी डोळ्यांचाच इचार करत बसलेली! तेल होतं तितं पानी गेलं न्हाई, पानी न्हाई तर काटा न्हाई. पाच जागा गुळगुळीत.
एकेका जागंवर एकेक बोट ठेवलं. त्यांची बोटं मोटी, भाईर येत होती. "तेल?"
"व्हय."
"तुजा हात?"
शाळंत व्हायचं तसं झालं.  तात्यांनी माजा हात धरून तितं ठेवला. माजी बोटं बारीक, आतच ऱ्हायली. हात सोडला.  चुलीपाशी फुकनीचा आवाज चाल्ला होता तो बंद झाल्याला.
म्हन्ले, "काचकागद मारू नगंस आजून."
मग: "लॉग वाच."

२४ एप्रिल
काल नऊ तारखेपतुर वाचलं. मोट्यानं. सवत आली तितं तात्या खो खो हसले, डॉक्टरनं हसायचं न्हाई सांगितलंय तरी. शिंगाच्या रंगाला बी हसले. मी बी. मग पान उलटलं, अकरा तारीक दिसली आन मी गप.
"दमलीस?"
"व्हय."
"उद्या दुपारी फुडचं."
आज काकूच्या भनीकडची माणसं आली तात्यांला बगायला, म्हून वाचायचं ऱ्हायलं. उद्यावर गेलं.
सांजच्याला काकू गोठ्यात आली. मी रेडीला पाजत होते. "काय लिवलंयस गं त्या दिसाचं?" तिला वाचता येत न्हाई.
"झालं ते."
"मी बोल्ले ते बी?"
"व्हय."
"सांगू नगंस म्हन्ले ते बी?"
"ते बी."
लय वेळ रेडीच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. मी म्हन्लं, खोडू का? पेन खिशातच हाय परकराच्या. तर म्हन्ली, "ते मगा म्हनत व्हते, लॉगात खोडत न्हाईत म्हून." आन उटली.
दारातनं परत फिरून म्हन्ली, उद्या दुपारी ती घरात नसनार. रानात कांदं काडायला जायाचं हाय.
कांदं तर परवाच काडून झालं.