आईच्या न्हाणीघराचं सरकतं दार

अण्णा,
काल मी न्हाणीघराचं दार दुरुस्त केलं. काचेचं आहे, सरकतं. न्हाणीला काचेचं दार कशाला, असं तुम्ही असता तर नक्की विचारलं असतं. आष्टीचं हे घर बांधलं तेव्हा आईचे गुडघे गेलेच होते. पाणी बाहेर येऊन तिचा पाय घसरू नये म्हणून यांनी हौसेनं बसवून घेतलं. काच धुरकट आहे, आतलं काही दिसत नाही. महिनाभरापासून ते अडकायला लागलं आणि मागच्या आठवड्यात आई आतच अडकली. आम्ही दोघांनी ओढून उघडलं, तेव्हा ती ओलं पातळ गुंडाळून भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवसापासून तिनं अंघोळच सोडली. हातपाय धुते आणि झालं म्हणते. दार उघडं ठेव, मी घालते अंघोळ, असं म्हटलं तर माझ्यावरच उखडली. "मला न्हाऊ घालाया मी काय लेकरू हाय?" एसटीच्या क्वार्टरच्या मागं गोणपाटाच्या आडोशाला उजाडायच्या आत अंघोळ उरकणारी बाई ती, तुम्हाला ठाऊकच आहे. बंद होणारं दार तिला म्हातारपणी मिळालं आणि दोन वर्षांत तेही गेलं.

जालन्याहून माणूस बोलावला, त्यानं सगळा सेटच बदलायला सांगितला. मी म्हटलं, आधी आपण बघू. आणि तुमच्या लेकीनं सगळ्यात पहिल्यांदा काय करावं, तर दार सरकतं त्या खालच्या पट्टीत खोबरेल तेल ओतलं. दोन दिवस दार झकास सरकलं. तिसऱ्या दिवशी साबण, क्षार आणि तेल यांचा असा काही चिकटा झाला की दार जागचं हलेना. तेव्हा कुठं मला तुमचा एसटी डेपो आठवला.

सातवीची सुट्टी आहे. मी डबा घेऊन डेपोत आले आहे आणि तुम्ही बसच्या सीटवर गुडघे टेकून खिडकीची काच चौकटीतून बाहेर काढताय. मदत करावी म्हणून मी तेलाची बुधली उचलते आणि पट्टीत धार सोडते. तुम्ही ओरडत नाही, बुधली तेवढी काढून घेता. "तेलानं आज सरकंल, माय. उद्या धूळ धरंल, अन् परवा माझ्याकडंच येईल. आधी बघ, पट्टी कुठं चमकती. चमकती तिथंच घासती." खाली इंजिनवाले हसतात, खिडकीवाल्याला हाताखाली माणूस मिळाला म्हणतात. मला राग येतो. तुम्ही का इंजिनवर काम करत नाही, असं मी नळावर हात धुताना विचारते. तुम्ही म्हणता, "इंजन बंद पडलं तर सगळी गाडी वरडती. खिडकी अडकली तर कडंची एकटी बाई ऊन खात बसती. ती कुणाला सांगंल?" मला ते काही पटलं नव्हतं. शाळेत मी तुम्हाला बिनदिक्कत इंजिन मेकॅनिक करून टाकलं होतं.

काल मी चष्मा लावून फरशीवर बसले आणि खालची पट्टी बघितली. एकाच टोकाला चांदीसारखी चमकत होती. म्हणजे त्या बाजूनं काच खाली बसली होती. मी आणि यांनी मिळून काच वर उचलून काढली आणि गोधडीवर टेकवली. काच ज्यांच्यावर लटकते त्या वरच्या चाकांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता, आसाभोवती केस गुंडाळले होते. केस सुईनं ओढून काढले, थर लिंबू आणि जुन्या ब्रशनं घासून काढला, सगळं कोरडं पुसलं. एका चाकाचा स्क्रू ढिला होता. अर्धा फेरा दिला, काच बसवून पाहिली, मग आणखी पाव फेरा. तेलाचा थेंब लावला नाही. दार एका बोटानं सरकलं. हे म्हणाले, "मेकॅनिकची पोरगी शोभतेस." मी म्हटलं, "खिडकीवाल्याची." अण्णा, हे म्हणताना मला किती बरं वाटलं, काय सांगू.

आईनं दार तीनदा लावून-उघडून बघितलं. "ह्यांच्या हातचं वाटतंय बराबर," तुमची आठवण काढून म्हणाली आणि पाठोपाठ मला हुसकलं, "आता हितं उभी राहू नको, जा, चहा ठेव." मग अर्धा तास निवांत अंघोळ केली. बाहेर आली तेव्हा चेहरा असा काही उजळला होता की चहा द्यायचा सोडून मी बघतच राहिले.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं मनात होतं, पण नाही दाखवणार. ती न्हाणीत असताना मी स्वयंपाकघरात असते असं तिला वाटतं. खरं म्हणजे कालही आणि आज सकाळीही, दार सरकून उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी न्हाणीच्या भिंतीला लागून उभी होते.