उसनी जीभ

३ ऑक्टोबर, शनिवार

आज पुन्हा तेच. नदीकाठच्या हॉटेलात जेवण. मालक स्वतः टेबलाशी येऊन उभा. 'साहेब, आधी ही वाइन घ्या, मग बोला!' साहेबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले, नाक आत घातलं. सगळं अगदी साग्रसंगीत! ते नाक गेल्या वर्षीच्या तापात मेलं, आणि नाकापाठोपाठ जीभही गेली. ही गोष्ट डॉक्टर सोडले तर फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक.

मी माझ्या ग्लासातला घोट घेतला. रुमाल तोंडाला लावून पुटपुटले, 'आंबट. पण चांगली आंबट. कच्च्या सफरचंदासारखी.'

'वा!' हे मालकाला म्हणाले, 'आंबटपणा काय राखलाय! कच्चं सफरचंद!'

मालक फुलून गेला. वर मलाच म्हणतो, 'वहिनी, भाग्यवान आहात. अशा जाणकार माणसाबरोबर रोज जेवायला मिळतं.'

हो ना! पूर्वजन्मीचं पुण्य.

४ ऑक्टोबर, रविवार

रविवारच्या पुरवणीत ह्यांचं सदर. गावोगाव फिरायचं, तिथलं जेवायचं, तिथली वाइन चाखायची आणि लिहायचं. वाचक जीव टाकतात. आता ते लिहिणं कसं होतं, तर जेवून खोलीवर यायचं, हे लॅपटॉप उघडून बसणार, मी पलंगाच्या कडेला. 'सांग.' मग मी सांगायचं. मीठ कुठे कमी होतं, मांस किती मऊ होतं, वाइन गिळल्यावर मागे काय उरलं. वाक्यं ह्यांची, चव माझी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

आजच्या लेखातलं वाक्य — 'आमच्या सौ.ना मात्र वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. त्या आपल्या पाण्यावर खूश!'

धाकट्या बहिणीचा फोन आला. हसता हसता तिला बोलवेना. 'ताई, भावजींनी तुझी काय फिरकी घेतलीय गं!'

मी ह्यांना विचारलं, हे काय लिहिलंत?

'अगं, गंमत! लोकांना आवडतं असलं. शिवाय कुणाला संशयही येत नाही.'

दुसरं कारण खरं. पहिलं तोंडी लावायला.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी हे घोरायला लागले, मी एकटीच बाहेर पडले. मागच्या बाजूला चढाची गल्ली आहे. एका बाजूला फरशांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला बंद दुकानं. बघण्यासारखं काही नाही. परतणार तेवढ्यात वास आला. कांदा मंद आचेवर तासन्‌तास परतला की येतो तो. पाय आपोआप वळले!

एक दार अर्धं उघडं. आत चार टेबलं. माझ्याच वयाची एक बाई, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत पीठ.

'जेवण संपलं हो.'

'मग नुसती वासावर बसते.'

हसली. 'बसा. खरवड आहे, चालेल?'

खरवड! भांड्याच्या तळाशी आळलेला पांढरा घेवडा, हाडाचा सगळा अर्क त्यात उतरलेला. सोबत पावाची कडक कड. आणि मातीच्या सुरईतून वाइन. बाटली नाही, लेबल नाही. पहिल्या घोटाला काहीच कळलं नाही. दुसऱ्याला पाणी शिंपडलेल्या मातीचा वास. गिळल्यावर मागे एक बारीक कडवटपणा, तोही हवाहवासा. मी मोठ्यांदा म्हणाले, 'अक्रोडाच्या सालीसारखी आहे बघा!' ती म्हणाली, 'असं कुणी म्हटलं नव्हतं अजून. सासऱ्यांना सांगते. वाइन तेच करतात, मागच्या मळ्यातल्या द्राक्षांची.'

मग ती भांडी घासायला लागली, मी खात बसले. कुणी 'सांग' म्हणत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी एक घास माझा माझ्यासाठी खाल्ला. डोळे भरून आले. खरवड खाऊन रडणारी मी पहिलीच असेन!

निघताना तिला ताई म्हणाले. ती म्हणाली, 'मग उद्याही या, ताईकडे येतात तसं.'

खोलीवर येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

७ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांना घेऊन गेले. हे चुपचाप जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं. नाटक बरं जमतं आता.

ताईंनी ह्यांना पेपरातल्या फोटोवरून ओळखलं. चेहराच उतरला त्यांचा. हात पुसत समोर येऊन बसल्या.

'साहेब, एक मागू? लिहू नका.'

'का बरं? लोक रांगा लावतील!'

'तेच नको.' त्यांनी सांगितलं — आधी मोठ्या शहरात त्यांची खानावळ होती. नवरा-बायको दोघं राबायचे. नाव झालं, गर्दी झाली. दाराशी आलेल्याला परत पाठवणं नवऱ्याला कधी जमलं नाही. एक दिवस शेगडीपुढेच कोसळला, तो उठलाच नाही. 'मलाही नाही म्हणता येत नाही हो. म्हणून ही कोपऱ्यातली जागा घेतली. माझे दोन हात आणि सासऱ्यांची चार पिंपं. गल्लीतली माणसं जेवतात, आमचं भागतं. मामंजी थकलेत. त्यांना आता पळापळ सोसायची नाही.'

म्हातारबाबा दारात उभे होते. ह्यांच्याकडे बघत राहिले.

ह्यांनी छातीवर हात ठेवला. 'ताई, शब्द देतो. एक ओळ लिहिणार नाही.'

मला क्षणभर ह्यांचा अभिमान वाटला. लिहून ठेवते, कारण असं फार होत नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

हे लॅपटॉप उघडून म्हणाले, 'सांग ना कालचं.' मी म्हटलं, लिहायचं नाहीये ना? 'नाहीच लिहायचं. नुसतं आठवण म्हणून.' सांगितलं. भरभरून सांगितलं, वेड्यासारखं!

११ ऑक्टोबर, रविवार

छापलं!!

पत्त्यासकट. गल्लीच्या फोटोसकट. माझ्या अक्रोडाच्या सालीसकट. नवरा शेगडीपुढे कोसळला तेसुद्धा, चांगलं रसाळ करून. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते, ह्यांनी वासे विकून दाखवले.

संपादकांचा फोन आला, हे गॅलरीत उभे राहून मोठ्यांदा बोलत होते. 'नाही नाही, सापडलं आपलं असंच. नाक घेऊन जातं हो मला!'

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होतात.

'अगं, निंदा केलीय का? कौतुकच केलंय ना! बाईचं भलं होईल.'

'तिनं भलं मागितलं नव्हतं.'

'तू ना, उगाच बाऊ करतेस.' आणि अंघोळीला गेले.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आम्ही दोन गावं पुढे आलो होतो, तरी बस पकडून मी एकटीच परत गेले. माफी मागावी म्हणून. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय, बागेत बसते.

गल्लीच्या तोंडापासूनच रांग. माणसं गोदामाच्या भिंतीला टेकून उभी, फोटो काढतायत. मी पुढे गेले तर कुणीतरी ओरडलं, 'ओ बाई, रांगेतून या!'

दारातून दिसलं — म्हातारबाबा दोन्ही हातांत थाळ्या घेऊन टेबलांमधून वाट काढतायत. रस्सा मनगटावर सांडतोय. 'काका, अक्रोडवाली वाइन संपली म्हणजे काय? आम्ही एवढ्या लांबून आलोय!' पांढऱ्या शर्टातला कुणी त्यांना झापत होता. काका कसले, आजोबा शोभतील त्याचे.

ताई बाहेर आल्या. घामाने निथळत होत्या. मला बघून थांबल्या.

'आत या म्हणत नाही, बाई. जागा नाही.'

बाई!

मी म्हटलं, 'ताई, खरंच सांगते, मी नाही लिहिलं. त्यांनी शब्द मोडला.'

त्या आवाज न चढवता म्हणाल्या, 'अक्रोडाच्या सालीसारखी, हे माझ्या इथे बसून तुम्ही म्हणाला होतात. साहेब तेव्हा आले पण नव्हते.'

आतून हाक आली, त्या गेल्या.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. तोंड कडू जहर झालं होतं. ही चव कुणाला सांगायची?

१४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून जेवले नाही. दुपारी ह्यांच्या लक्षात आलं. 'असं उपाशी राहून कसं चालेल? उद्या तळ्याकाठच्या हॉटेलात बोलावलंय आपल्याला.' काळजी! माझ्या पोटाची नव्हे, जिभेची.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी खोटं बोलले. सगळं, अथपासून इतिपर्यंत!

तळ्याकाठचं हॉटेल म्हणजे नुसता झगमगाट. मासा आणला तो कोरडा ठणठणीत, वरचं लोणी खवट. वाइन उंची बाटलीतली, पण आत ओल्या पुठ्ठ्याचा वास. एक घोट घेतला आणि शहारा आला. मॅनेजर हात चोळत उभा. हे माझ्याकडे बघतायत.

मी रुमाल तोंडाला लावला. 'सुंदर,' म्हणाले. 'पिकलेलं नासपती.'

'वा, पिकलेलं नासपती!' हे म्हणाले. मॅनेजर कमरेत वाकला.

खोलीवर आल्यावर हे बसले, मी पलंगाच्या कडेला. 'सांग.'

सांगितलं. मासा लोण्यासारखा विरघळत होता. लोणी ताजं, नुकतं घुसळलेलं. सूप तर इतकं हलकं, की पोटात गेल्याचं कळलं नाही. वाइन अशी, की अशी उभ्या जन्मात चाखली नाही! जिभेला हाड नसतं म्हणतात. आज कळलं किती बरं असतं ते.

हे खाली मान घालून टाइप करत होते. मधेच थांबून म्हणाले, 'नासपती नक्की?'

'नक्की.'

'पुढे?'

पुढे काय, अजून सांगितलं! त्या हॉटेलात जाणकार माणसं जेवतात. रविवारी ती वाचतील, एकमेकांना फोन करतील. साहेबांना झालंय काय? पुठ्ठ्याला नासपती म्हणतायत! एकदा हसं झालं की झालं. ताईंची रांग त्यानं कमी व्हायची नाही, ठाऊक आहे मला. पण ह्यांच्यासमोर तरी पुन्हा कुणी हात चोळत उभं राहणार नाही.

हात थंड पडलेत. तरी बरं वाटतंय. लाज नाही वाटत, हे जास्त भीतीदायक.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

लेख गेला. मी वाचून बघू का विचारलं, तर म्हणाले, 'कशाला? तूच तर सांगितलंयस सगळं.'

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज ह्यांनी माझ्यासाठी दुकानातून शाल आणली. न मागता. निळी. रंग मला शोभतो. घडी मोडली नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

पेपर आला. पुरवणी उभ्या उभ्याच उघडली.

'मासा कोरडा, लोणी खवट. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास, बाटली परत पाठवायला हवी होती. सूप बरं, पण तळाशी कांदा करपला होता, तो लपवायला वरून मलई ओतलेली.'

मी दोनदा वाचलं. करपलेला कांदा माझ्या ध्यानातही आला नव्हता. आता आठवला. होता.

बाथरूममध्ये ह्यांचं दाढी करत गुणगुणणं चालू आहे. केव्हापासून चव कळतेय ह्यांना? ताईंकडे दुसऱ्यांदा मागून घेतलं तेव्हाही? त्याच्याही आधीपासून?

'अगं, आवर लवकर,' आतून हाक आली. 'उशीर होईल. तू नसलीस तर मला कोण सांगणार?'