थंड पत्रा आणि हिरवी पुडी

१२ ऑक्टोबर, गुरुवार

फसवलं! सरळ सरळ फसवलं. कॉम्प्युटरमध्ये नवी एसएसडी डिस्क बसवून घेतली, चार दिवस झाले. गिऱ्हाइकाच्या लग्नाची फिल्म जोडून बाहेर काढायला घेतली की पहिली दहा मिनिटं वाऱ्यासारखी, मग गोगलगाय. जुनी डिस्क बरी होती – ती निदान पहिल्यापासून रडायची!

डिस्क बसवणाऱ्या झान मास्तरांना फोन केला. बावीस वर्षं चिपच्या कारखान्यात होते, तिथून कमी केलं, आता पन्नाशीत कोपऱ्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर जोडतात. तिथे लागून दोनच महिने झालेत. मला विचारतात, "ताई, कॉम्प्युटरची पेटी कुणी उघडली होती का?" म्हणजे चूक माझी! "मी कशाला उघडू?" म्हटलं आणि फोन ठेवला.

(हिरवी पुडी ठेवायला झाकण सरकवलं होतं, ते काही उघडणं नव्हे. नव्या यंत्रापाशी कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी ठेवायचीच, ही आमच्याकडची रीतच – बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात – नाहीतर यंत्र शहाण्यासारखं वागत नाही. पेटीवर ठेवली असती, पण मागची आईने फोडून खाल्ली. म्हणून या वेळी आत, आडवी.)

१३ ऑक्टोबर

दिवसभर तपासत बसले. विंडोज नव्या डिस्कवरच आहे – बरोबर. डिस्कचे भाग नीट आखलेत – बरोबर. पुसलेल्या फायलींची जागा साफ करणारी सोय चालू – बरोबर. मग मला वेड लागलंय का?

१४ ऑक्टोबर

सापडलं!! डिस्कचं तापमान बघायचं राहिलं होतं. दहाव्या मिनिटाला शहाऐंशी अंश! एवढी तापली की डिस्क स्वतःच दम खाते, वेग उतरवते. आणि ती तापू नये म्हणून वर बसवायचा ॲल्युमिनियमचा पत्रा बिलात लिहिलाय. बसवलाच नसणार! खाल्ला! बाईमाणूस आहे, हिला काय कळतंय, असं वाटलं असणार.

पेटी मी उघडणार नाही. उघडली की म्हणतील, बाईनेच बिघडवलं.

गल्लीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, मास्तरांच्या नावासकट. तीनशे बारा माणसं आहेत त्यात. वाचू दे.

१५ ऑक्टोबर

दुकानाचे मालक फेंग यांचा निरोप: "ताई, माफ करा. माणूस नवा आहे, मी बघतो त्याच्याकडे." बघाच!

१६ ऑक्टोबर

झान मास्तर दारात. आज वारा असा की छत्र्या उलट्या होत होत्या. हातात नवा पत्रा आणि स्क्रूड्रायव्हर. "ताई, दोन मिनिटं बघू द्या. पत्रा मी बसवला होता, माझ्या हाताने."

"बघायचं ते तेव्हाच बघायचं होतं."

"माझी नोकरी आहे हो ताई."

"आणि माझी? लग्नवाल्यांना काय दाखवू?"

आत घेतलं नाही. ते वाकून नमस्कार करून गेले. आई मागून म्हणाली, "चहा तरी विचारायचास." म्हटलं, "चोराला?" मला अजूनही वाटतं, मी बरोबर केलं.

१७ ऑक्टोबर

फिल्म अडकलीच आहे. जेवताना आई म्हणाली, "तुझ्या त्या पुडीची तारीख उलटून गेली असेल. शिळी पुडी ठेवली की यंत्र उलटं वागतं. तुला एवढं कळू नये?" खरंच की! घाईत तारीख बघितलीच नव्हती. ताजी आणली आहे. उद्या बदलते.

१८ ऑक्टोबर

झाकण काढलं. पत्रा जागेवर आहे. चार स्क्रू घट्ट, सरळ रेषेत. त्याच्यावर माझी पुडी, फुगलेली, हात लावला तर चटका.

पुडी काढली. अख्खी फिल्म अकरा मिनिटांत बाहेर आली.

दुकानात फोन केला. फेंग म्हणाले, "काळजी करू नका ताई, त्याला कालच काढून टाकलं."

पुडीची तारीख अजून आठ महिने पुढची आहे.