धूर नाही, वास नाही

सोमवार, ४ मे

जनरेटर चाळीस हजारांना पडला असं मी सगळ्यांना सांगतो. खरा पडला तो असा: चाळीस हजार, वर गॅसचं किट, दुकानदाराच्या बढाया ऐकण्यात गेलेली अख्खी दुपार आणि बायकोचा अबोला. अबोला सगळ्यात महाग.

पण कडोदऱ्यात आज स्वतःचा गाळा उघडला. पुढे शटर आणि माझं टेबल, मागे साड्यांवर टिकल्या चिकटवायची खोली, मधल्या बोळात जनरेटर. पेढे वाटले. बमरोलीला दुसऱ्याच्या लूमवर उभं राहून केस पिकले माझे. तिथल्या गदारोळात कुठल्या लूमचा धागा तुटला ते मी पाठमोरा सांगायचो. आवाज कुठून येतो यात हा रघुनाथ आजवर चुकलेला नाही.

अबोल्याचं कारण इंधन. शोभा म्हणत होती पेट्रोलचा घ्या. मी म्हटलं, पेट्रोलचा वास साडीला धरतो, व्यापारी माल तोंडावर फेकेल. दुकानदारही म्हणाला, गॅसला धूर नाही, वास नाही, घरात ठेवा. त्यावर दुकानदारासमोर ती आमच्या अहिराणीत बोलली, वास वना तं माणूस उठीसन बाहेर तरी निंघस. म्हणजे वास आला तर माणूस उठून बाहेर तरी पडतो. तो फिदीफिदी हसला. चारचौघांत बायकोनं अक्कल शिकवावी, हे मला अजून पचलेलं नाही.

मंगळवार, ५ मे

वीज गेली आणि आमचा जनरेटर मांजरासारखा गुरगुरत चालू झाला. आसपासचे सगळे अंधारात. बरं वाटलं.

टिकल्यांच्या खोलीत पंखा चालत नाही. झुळूक आली की गरम प्रेसखाली जाण्याआधीच टिकल्या उडतात. म्हणून खिडकी बंद, झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या. दार मात्र आपोआप उघडतं आणि आतून कडीच नाही. मी बाहेरून बसवली. कामाला ठेवलेल्या तिन्ही बायकांना सांगितलं, बाहेर यायचं तर दार वाजवा, मी बसलोय.

शेजारी सुकलालचं लूमचं खातं, म्हणजे कारखाना, मध्ये एकच भिंत. हा गाळा त्याला हवा होता. दुपारी त्यानं भिंत ठोकली. मीही ठोकली. मग रस्त्यावर येऊन विचारतो, रघुनाथभाऊ, जनरेटर आणला का पिठाची गिरणी? मी म्हटलं, तुझे लूम काय अंगाई गातात? चहावाल्यापर्यंत हशा गेला. हसलो मीही. पण ती ठोकठोक डोक्यात राहिली.

गुरुवार, ७ मे

तिन्ही बायकांनी काम सोडलं. डोकं दुखतं, मळमळतं, खोलीत जीव घाबरतो म्हणे. दुसरीकडे बारा-बारा तास बसतात तेव्हा जीव कुठे जातो? काल सुकलाल त्यांच्याशी बोलताना दिसला होता. त्यानंच भरवून दिलं.

डोकं माझंही ठणकतंय. संतापानं. शोभा म्हणाली, त्या खोटं नाही बोलत, जनरेटर बाहेर रस्त्यावर काढा. रस्त्यावर ठेवला तर रात्रीतून कोणी उचलून नेईल, मग तुझा भाऊ भरून देणार का, असं मी ओरडलो. ती पाठ फिरवून साड्यांच्या घड्या घालू लागली. अशी पाठ फिरवते तेव्हा जास्त राग येतो.

भिंत आज दोनदा वाजली. ठोकून दमत कसा नाही हा माणूस.

शनिवार, ९ मे

संध्याकाळी माल द्यायचाय. नाही दिला तर हा व्यापारी गेला, आणि व्यापारी गेला की गाळा गेला. सकाळपासून वीज नाही. बाया नाहीत. शोभा म्हणाली मी बसते. डोकं बांधून आत गेली. मी कडी लावली, जनरेटर चालू केला.

भिंत वाजतेय.

वीज त्यालाही नाही. लूम बंद. रिकामा बसून ठोकतोय, मुद्दाम, माझा माल अडकवायला.

परत. जोरात.

लोखंडी पाइप घेतला आणि भिंतीचा गिलावा उडेपर्यंत मीही हाणलं. तोंडाला येईल ते बोललो. त्याची आई, त्याचं खातं, सगळं काढलं. दम लागला. उभं राहवत नाही. कानात गुणगुण. आता हळू वाजतंय, खालच्या बाजूला, जमिनीजवळ. बसून ठोकतो वाटतं.

थांबला.

घाबरला शेवटी.

शनिवार, दुपारनंतर

वीज आली. जनरेटर बंद केला. शटर वर करून मोकळ्या हवेत उभा राहिलो. सुकलालला चार शब्द सुनवायचे होते.

त्याच्या शटरला कुलूप.

चहावाला म्हणाला, तो कालच नंदुरबारला गेला, भाचीच्या लग्नाला. कारागिरांनाही सुट्टी. आत कोणी नाही.

मग भिंत कोण —

टेबलाशी येऊन बसलो. शोभाला हाक मारली. दोनदा. रागावली की ती ओ देत नाही.

खाली वाजत होतं. जमिनीजवळ. भिंतीत नव्हतं ते, बोळाच्या बाजूनं —

दार वाजवा, मी बसलोय, असं मीच —

कडी बाहेरून आहे. ती अजून