पालथी वाटी

सोळा तारीख, मंगळवार, दुपारचे तीन

माझ्या ठकूला आजीचा पापा आणि पोटभर आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, शाळा दुसरीतच सुटली हे तुला माहीतच आहे. सावकाश वाच.

तर रविवारी सगळ्यांत आधी कोण टपकलं, ओळख. नर्सबाईची आई. चारला येतो म्हणाले होते, ही सव्वातीनला दारात उभी, एकटीच. मी अजून जुन्या गाऊनवर. म्हणते, "जावई गाडी लावायला जागा शोधतोय. त्याला वेळ लागतो, लग्नालाही लागला होता." मला असं हसू आलं की गाऊनचं विसरूनच गेले.

नर्सबाई म्हणजे ती ठेंगणी. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी जिनं अकरा दिवस तिला उठवलं, बसवलं, भरवलं, ती. आईला बघायला आली होती खास. आणि बघण्यासारखीच झालीय तुझी आई. चारही जिने चढते आता. मध्ये एकदा थांबते, पण शेजारणीशी बोलायला थांबले असं दाखवते. बाप गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे नर्सबाईच्या नवऱ्यानंही बोलून घेतलं. सगळेच बोलतात. तुझी आई खळखळून हसली. तिला हसताना बघून मला वाटलं, आता मला काही नको. किती दिवसांनी घर भरलं होतं.

नर्सबाई आणि नवरा मागून आले तेव्हा दार तुझ्या बाबानं उघडलं. अजून तसंच उघडतो, वीतभर, गुडघा आडवा घालून. तो नवरा बिचारा फटीतून बघतोय, आत घेतात की वाटेला लावतात. मग बाबाच्या लक्षात आलं, त्यानं पाय काढला. बाहेर पळायला आता आहे कोण.

चहाला टेबलाशी बसलो तर नर्सबाईची आई मला विचारते, "तुम्ही तिघं असे तिरके का बसता हो? गुडघे धरलेत का सगळ्यांचे?" खाली बघते तर खरंच. तिघांचेही पाय टेबलाबाहेर. मफलर जाऊन चार महिने झाले, खाली ना शेपटी ना पंजे, नुसती फरशी आहे, आणि आम्ही त्याला जागा सोडून बसतो. तुझ्या आईनं तर पावाची कड टेबलाखाली धरलेली. मग हळूच स्वतःच खाल्ली.

दुपारी भांडी घासताना मला त्याची नखं ऐकू येतात, ठकू. आतल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे, टिकटिक टिकटिक. मी वळत नाही. एकदा वळले तर आवाज थांबला होता. तेव्हापासून पाठमोरीच बोलते त्याच्याशी. तुझ्या आईला वाटतं मी पुटपुटते. म्हातारपणाला सगळं खपून जातं.

तू म्हणशील, आजी पाल्हाळ लावते. लावतेच आहे. हात मुद्द्याकडे जात नाही.

तू बाबाशी बोलत नाहीस. त्यानं फोन उचलला की "आईला दे". तो देतो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहतो. त्याच्याकडून फिटची एक गोळी देणं झालं नाही म्हणून मफलर गेला, असं तू त्याच्या तोंडावर म्हणालीस, ड्रॉवरमधली गोळ्यांची ती भरलेली पट्टी त्याच्यापुढे धरून. तो मान खाली घालून उभा होता. मी तिथेच होते. पदर तोंडाला लावून मीही उभी होते. मी बोलायला हवं होतं.

वाटीचा नियम तुझाच. एकदा बाबानं आणि आईनं दोघांनीही गोळी दिली आणि मफलर माहेरी आलेल्या लेकीसारखा दिवसभर झोपला, तेव्हा तू ठरवलंस. जो गोळी देईल त्यानं खिडकीतली छोटी वाटी पालथी घालायची. झोपताना बाबानं सुलटी करायची. दोन वर्षं बिनचूक चाललं. मफलरला परत एक फिट आली नाही.

तुझी आई दवाखान्यात गेली तेव्हा बाबा म्हणाला, "आई, मी पहाटे निघतो. जमलं तर जाताना देईन, नाहीतर तू दे. वाटी बघ म्हणजे कळेल." मी म्हटलं, बघते.

आणि मी काय केलं माहितीये? भांडी घासली. पंचवीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये भांडी घासली मी. तिथला मुकादम म्हणायचा, पालथं नसेल ते धुतलेलं धरणार नाही. दिवसाला चारशे ताटं, चारशे वाट्या, सगळ्या पालथ्या. सकाळी उठले की ओट्यावरचं सगळं घासायचं, खिडकीतलीही वाटी विसळायची आणि घालायची पालथी. मला नियम माहीत होता गं. हातांना माहीत नव्हता. नऊ वाजता गोळीची आठवण व्हायची, खिडकीत बघायचे आणि म्हणायचे, लेकानं दिलेली दिसते, शहाणा माझा. संध्याकाळी तो यायचा, बघायचा, त्याला वाटायचं आईनं दिली. असे नऊ दिवस.

नवव्या दिवशी दुपारी त्याला टेबलाखाली फिट आली. मी एकटी होते. डोकं मांडीवर घेतलं. पाय असे मारत होता, जणू जिना उतरतोय. मग थांबला. मी मान वर केली तर समोर खिडकीत वाटी, मीच सकाळी विसळून ठेवलेली, पालथी. तेव्हाच कळलं मला सगळं. आणि पहिलं काय केलं असेल तर उठून ती सुलटी केली. कुणी बघायच्या आत.

चार महिने हे माझ्याच एकटीच्या पोटात आहे असं मी समजत होते. रविवारी नर्सबाई चहा पिता पिता सहज म्हणते, "तुमचा मुलगा रोज रात्री निघताना त्या कुत्र्याचंच सांगायचा. म्हणायचा, घरची काळजी नाही, वाटी पालथी दिसते, आई गोळी देते." मी बाबाकडे बघितलं. तो म्हणाला, "बिस्कीट घ्या ना."

पाहुणे गेल्यावर मी त्याला बाल्कनीत गाठलं. म्हटलं, तुला माहीत होतं.

"पट्टी बघितली तेव्हाच."

"मग पोरीला सांगितलं का नाहीस?"

त्यानं दोरीवरचा टॉवेल काढून घडी घातली. मग म्हणाला, "माझ्यावर चिडलीय तोवर ठीक आहे, आई. आज ना उद्या भांडून मोकळी होईल. तुझ्यावर चिडली तर नुसती गप्प बसेल. आणि तुझ्याकडे तेवढे दिवस नाहीत." आणि वर हसला मेला. मला म्हणाला, लिहू नकोस तिला.

लिहिते आहे. लेकाचं ऐकायचं वय गेलं माझं.

मला माफ कर असं म्हणत नाही. चीड माझ्यावर, हवं तितके दिवस गप्प बस. मी वाट बघेन, नाही पुरले दिवस तर नाही पुरले. पण फोन त्यानं उचलला तर "आईला दे" म्हणू नकोस. दोन शब्द बोल. हवापाण्याचे बोल.

तुझ्या मफलरला मांडीवर घेऊन बसलेली,
तुझी आजी

ता. क. नर्सबाईची मंडळी परत येणार आहेत, ह्या वेळी जेवायला. नर्सबाई म्हणाली, तुमची मुलगी घरी असेल तेव्हा येतो, तिलाही भेटू. आई म्हणाली, तिचं काही ठरलेलं नाही. तर तुझ्या बाबानं, तुला न विचारता, सगळ्यांसमोर दिवस सांगून टाकला. ते येतो म्हणालेत. अठ्ठावीस तारीख, रविवार.