बाकड्याची कुरकुर

कुमुद,

तू बँकेतून येशील तोवर मी सेक्रेटरी आपट्यांकडे जाऊन रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही केलेली असेल. तोंडावर सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस. येताना भाजी मी आणतो, तू पुन्हा जिना उतरू नकोस.

नव्या इमारतीत गॅरेज नाही. गाड्या म्हणे यंत्र उचलून वर ठेवणार. माझं सुतारकामाचं टेबल कोण उचलणार, विचारलं तर सगळे हसले. हसणाऱ्यांचे देव मी केलेल्या देव्हाऱ्यांत बसतात! आता भूमिपूजनाचं स्टेजही मीच करून द्यायचं आहे. नाही म्हणायची सोय नाही, कारण नव्या इमारतीला लिफ्ट आहे.

‘माझे गुडघे ठणठणीत आहेत’ हे मला सांगू नकोस. जिन्याच्या वळणावर तुझ्यासाठी ठेवलेल्या बाकड्याची कुरकुर काढा, म्हणून तू वर्षभर मागे लागली आहेस. मी ती मुद्दाम काढली नाही. खाली गॅरेजात ऐकू येते. बसलीस की एकदा, उठलीस की एकदा.

काल दुसरी कुरकुर येईपर्यंत मी रंधा हातात धरून नुसता उभा होतो.

दिगंबर